लेबर रूमच्या दाराबाहेर

मी बायकांना मारलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला वाट बघत बसायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी बावीस वर्षं सिस्टर आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत गेली. मारायचं म्हणजे फार नाही. बाईने पाय मिटून घेतले की मांडीवर एक चापट. आणि तोंडाचा पट्टा, तो मात्र बाळाचं डोकं बाहेर येईपर्यंत चालू.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नर्सिंगच्या पुस्तकात चापटीचा धडा नाही. मी नवीन लागले तेव्हाच्या मोठ्या सिस्टर मारायच्या, बाई जोर द्यायची, बाळ यायचं. मला वाटलं, चापटीनेच येतं. पुढे माझ्या हाताखाली ज्या मुली आल्या त्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्या माझ्याकडे बघूनच शिकल्या. टेबलं दोन, सिस्टर एक आणि कळा सुरू झालेल्या बायका कधी तीन, कधी चार. अशात गोड बोलायला वेळ कुठून आणायचा, असं आम्ही एकमेकींना म्हणायचो. आता विचार करते तर ‘दम धर’ म्हणायला आणि ‘गप बस’ म्हणायला वेळ सारखाच लागतो.

मध्यंतरी आम्हाला नांदेडला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय होता सन्मानपूर्वक मातृत्व सेवा. हॉल चांगला होता, पंखे चालू होते, उपमा गरम होता. शिकवायला आलेल्या बाई तरुण होत्या आणि कुणी कितीही आडवं बोललं तरी हसायच्या. त्यांनी सांगितलं, आपण एक छोटं नाटक करू. एकीने बाळंतपणाला आलेली बाई व्हायचं, बाकीच्यांनी सिस्टर. बाई म्हणून मला निवडलं, कारण पोट तयार होतं. दोन टेबलं जोडली, त्यावर मी आडवी झाले आणि कण्हायला लागले.

आधी चुकीचं वागून दाखवा, असं सांगितलं. त्याला कुणालाच तयारी लागली नाही. पहिली आली ती म्हणाली, ‘ए बाई, पाय खोल. खामखा नाटकं करू नको.’ दुसरी म्हणाली, ‘नवऱ्यापाशी गोड लागलं, आता बोंबलून राहिली व्हय?’ हे वाक्य लिहायला बरं वाटत नाही, पण आमच्या जिल्ह्यात बाळंत झालेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिला ते नवीन नसेल. तिसरीने माझ्या मांडीवर खरोखरच सणसणीत चापट मारली, सवयीने. सगळा हॉल हसून लोळत होता. मीही हसत होते, कण्हायचं विसरून.

मग त्या बाई म्हणाल्या, आता बरोबर वागून दाखवा. पंचवीस-तीस जणी, प्रत्येकीच्या हातून शेकड्यांनी बाळंतपणं झालेली, आणि एकीलाही पहिलं वाक्य सुचेना. शेवटी एक धीट होती ती पुढे आली, माझ्या उशाशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘ताई, कृपया आपण जोर द्यावा.’ पुन्हा हशा. तिच्यामागून आलेली म्हणाली, ‘घाबरू नका, आम्ही आपल्या सेवेत आहोत.’ बँकेच्या खिडकीशी उभं राहिल्यासारखं वाटलं मला.

गंमत अशी की यातली प्रत्येक जण घरी गेल्यावर तापलेल्या लेकराला मांडीवर घेऊन जे बोलते ते चांगलंच बोलते. ते शब्द आमच्यापाशी होते. पण युनिफॉर्म चढवला की ते घरीच राहायचे. हे मला त्या दिवशी टेबलावर पडल्यापडल्या कळलं आणि संध्याकाळी बसमध्ये बसेपर्यंत विसरूनही गेलं. प्रमाणपत्र मिळालं होतं, ते मी लॅमिनेट करून घेतलं. प्रत्येक दवाखान्याला एक फलकही मिळाला होता. त्यावर लिहिलेलं होतं की बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत तिच्या घरची एक स्त्री आत थांबू शकते. आम्ही तो औषधांच्या कपाटामागे लावला, कारण खिळा तिथेच होता.

आता माझ्या भाचीचं सांगते. माझा भाऊ अर्धापूरकडे केळी करतो, त्याची ही थोरली लेक. तिला चाकूर तालुक्यात दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेरी करायचं म्हणजे माझ्या दवाखान्यात करायचं, हे तिला दिवस गेल्यापासून ठरलेलं होतं. आत्याच तिथे आहे म्हटल्यावर कुणाला चिंता नव्हती. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, बाहेर बाकड्यावर बसली आणि आत मी होते. मुलगी झाली, दोन किलो आठशे ग्रॅम. बारशाला मला मानाची साडी नेसवली. ओटी भाचीनेच भरली, वाकून पाया पडली, आणि मी तिला तोंडभरून आशीर्वाद दिला. फोटोत मीच सगळ्यात खूश दिसते.

तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. आठवा संपत आला तेव्हा वहिनीचा फोन आला.

‘ती येत न्हाई म्हणून राहिली.’

‘कुठं येत नाही?’

‘हितं. दवाखान्यात तर न्हाईच. म्हणती, घरीच होऊ द्या. गावात सुईण हाय म्हणं.’ वहिनी रडायला आली होती. ‘आशाताईनं प्रेशर बघितलं, लई वर गेलंय. पायाला सूज हाय. आन ही म्हणती घरीच.’

पहिली खेप असो की दुसरी, बाळंतपणात प्रेशर वाढलं तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. बाई बोलता बोलता डोळे फिरवते, अंगाला झटके येतात, आणि तेव्हा खेड्यातल्या घरात असाल तर गाडी येईपर्यंत दोन जीव गेलेले असतात. सुईणीच्या हातात कितीही गुण असला तरी प्रेशर तिच्या हातात नसतं. मला इतका राग आला की फोन ठेवल्यावर मी वॉर्डातल्या मावशीवर ओरडले. तिचा काही संबंध नव्हता, ती फरशी पुसत होती.

माझी खात्रीच होती की हे सासरच्यांचं काम. सून गाभण म्हैस असल्यासारखी गोठ्यापाशीच पाहिजे असणार त्यांना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी लातूरच्या बसमध्ये बसले. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी भाचीच्या सासूला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. अहमदपूर ते चाकूर ते पाठ केलं. शेजारी बसलेल्या बाईने मध्ये एकदा विचारलं, तब्येत बरी नाही का तुमची? माझे ओठ हलत होते म्हणे.

सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि मी तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, ‘बरं झालं बाई तुमी आलात. आमी दोघं सांगून सांगून बेजार झालो. माझ्या लेकानं गाडी बी सांगून ठिवली. ही आयकंना. तुमच्या दवाखान्याचं नाव काढलं की उठून जाती. तुमीच सांगा आता तिला.’ माझं सगळं भाषण चहाबरोबर गिळावं लागलं.

भाची मागच्या पडवीत मेथी निवडत बसली होती. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगवटे. मी तिच्यापाशी बसले आणि सूज बघायला नडगीवर बोट दाबायला गेले, तसा तिने पाय आखडून पोटाशी घेतला. विंचू दिसला की माणूस घेतं तसा. मग तिच्याच लक्षात आलं, तिने पाय हळूच परत पुढे केला. मी बोट दाबलं, खड्डा पडला, तो भरायला वेळ लागला.

‘काय करून राहिलीस तू हे?’ मी म्हटलं. ‘जिवाशी खेळ आहे हा. कुणी काय बोललं तुला दवाखान्यात? सांग मला. डॉक्टर बोलले का? कुणी सिस्टर बोलली का? नाव सांग, मी बघते तिच्याकडे.’

‘आत्या,’ ती म्हणाली, ‘तुमी असाल तर मी येत न्हाई.’

मला वाटलं, ती आदराने काहीतरी म्हणते आहे, लाजते आहे. मी म्हटलं, ‘म्हणजे काय?’

‘म्हंजी तुमी.’

मग ती सांगत गेली, मेथी निवडत, आवाज न चढवता. मी तिला तीनदा मारलं होतं. ती पाणी मागत होती तर मी म्हटलं होतं, आधी बाळ दे मग पाणी. प्रशिक्षणात हशा झाला ते नवऱ्याचं वाक्य मी तिला बोलले होते. माझ्या भावाच्या लेकीला, जिच्या लग्नात मी मांडवात नाचले. दारातून वॉर्डबॉय आत बघत होता तरी मी तिच्या अंगावर चादर टाकली नव्हती. टाके घालताना भूल दिली नव्हती. ‘तुमी म्हणलात, दोनच टाके हायत, त्याला कशाला इंजेक्शन. पाच व्हते आत्या. मी मोजले.’ मांडीवर चार दिवस बोटं उमटलेली होती. आईला तिने सांगितलं, टेबल लागलं. आईने हळद लावली.

मला यातलं काही आठवत नव्हतं. ते मी इथे लपवत नाही, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. बाळाचं वजन आठवत होतं. वेळ आठवत होती, दुपारचे बारा वाजायला वीस मिनिटं. तिला मी चांगलं टेबल दिलं होतं, गादी न फाटलेलं, हेही आठवत होतं आणि त्याचा मला तीन वर्षं अभिमान होता. बाकीचं आठवत नव्हतं, कारण तो रोजच्यासारखाच दिवस होता.

मी म्हटलं, ‘अगं, ते तुझ्या भल्यासाठीच बोलले असेन.’

‘हाव,’ ती म्हणाली आणि मेथीची पुढची जुडी सोडली.

आमच्या घरांत आत्या भाचीची माफी मागत नाही, तशी पद्धतच नाही. मोठ्यांचं चुकलं तर ते दोन दिवस गप्प राहतात आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी गोडधोड करतात. माझ्याकडे तीन दिवस नव्हते. मी म्हटलं, ‘चुकलं माझं.’ ते बोलताना माझी कानशिलं तापली होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तिने हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, ‘आई आत पाहिजे मला. आन तुमी बाहेर.’ मी हो म्हटलं. संध्याकाळच्या गाडीने तिला घेऊनच निघाले.

गोळ्या सुरू झाल्या, प्रेशर उतरलं, पुन्हा चढलं. पंधरा दिवस वहिनी आणि मी आळीपाळीने तिच्या तोंडाकडे बघत काढले. शेवटी डॉक्टरांनी भरती करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू केल्या. मी रजा घेतली होती. लेबर रूममध्ये माझ्याच हाताखाली तयार झालेली सिस्टर होती. तिला मी बाजूला घेऊन सांगितलं: माझी भाची आहे, आवाज चढवायचा नाही, हात लावायच्या आधी सांगायचं, टाके पडले तर भूल द्यायची, आणि तिची आई आत थांबणार. ती म्हणाली, ‘मॅडम, हे काय सांगायला पाहिजे का!’ तरी मी कपाटामागे हात घालून तो फलक काढला, पुसला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला. वहिनीने टोपी घातली, चपला बदलल्या आणि आत गेली. दार लागलं. मी साध्या साडीत बाहेरच्या बाकड्यावर बसले.

बावीस वर्षांत मी त्या बाकड्यावर कधी बसले नव्हते. त्याचा एक पाय आखूड आहे, आपण हललो की शेजारच्या माणसालाही हलावं लागतं. शेजारी एक बाई होती, माझ्याच वयाची, पण दहा वर्षांनी थोरली दिसणारी. किनवटकडून, इस्लापूरच्या बाजूच्या गावाहून लेकीला घेऊन आलेली. तिकडच्या दवाखान्याने वर पाठवलं होतं. मांडीवर पिशवी, पिशवीत जुन्या लुगड्याची मऊ फडकी बाळासाठी. लेक आत होती, दुसऱ्या टेबलावर. वॉर्डातली मावशी येताजाता मला ‘सिस्टर, चहा आणू का’ विचारत होती, त्यावरून त्या बाईने मला ओळखलं.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘त्या बाईला सोडलं की आत. मला बी जाऊ द्या. पहिलटकरीण हाय माझी, लई भेती.’

मी तिच्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘मावशी, आत गर्दी झाली की डॉक्टर रागावतात. आम्ही आहोत ना. तुम्ही बसा.’

ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली, पुन्हा तेच म्हणाली. मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पूर्वीची मी असते तर बाकड्यावरून उठवून फाटकाबाहेर पाठवली असती. म्हटलं, माणूस बदलतं ते असं.

आतून आवाज येत होते. बावीस वर्षं तो आवाज ऐकणाऱ्या माणसाला दाराआड काय चाललंय ते दिसतं. भाचीच्या टेबलाकडून फार काही येत नव्हतं, नुसतं वहिनीचं पुटपुटणं आणि मध्ये मध्ये भाचीचं लांब कण्हणं. दुसऱ्या टेबलाकडून किंकाळ्या होत्या. मग माझ्या हाताखालच्या त्या सिस्टरचा आवाज चढला. शब्द माझे होते, चालही माझी, थांबायच्या जागासुद्धा माझ्याच. मग चापट वाजली. मी मनात म्हटलं, चला, दुसरीचं डोकं दिसायला लागलं.

शेजारची बाई चापटीच्या आवाजाला दचकली, तसं बाकडं हललं. तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून पिशवीतली फडकी काढली आणि परत घडी घालायला लागली.

अर्ध्या तासात दोघी मोकळ्या झाल्या. वहिनी दारात आली, तिचा चेहरा बघूनच मला कळलं. पुन्हा मुलगीच, अडीच किलो, आणि भाचीचं प्रेशर उतरत होतं. मी भिंतीला टेकले आणि रडले, ते वॉर्डातल्या मावशीने पाहिलं आणि अजून कुणाकुणाला सांगत असते. भाचीला वॉर्डात आणल्यावर मी आत गेले. ती पांढरी पडली होती, पण हसली. मला बघून हसली, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

‘मला कुणी कायबी बोललं न्हाई, आत्या. सिस्टर समदं सांगून सांगून करत व्हत्या. आईनं हात धरला व्हता. भूल बी दिली.’

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. मी काहीतरी चांगलं बोलणार होते.

‘समदं त्या शेजारच्या पोरीला बोलल्या,’ ती म्हणाली. ‘ती आई आई करून राहिली व्हती. सिस्टर म्हणल्या, आता तुझी आई कुठून आणू मी? मी आईला म्हणलं, माझा सोड, तिचा धर. आई भेली, म्हणली, सिस्टर वरडतील. मग मीच पडल्यापडल्या हात केला तिच्याकडं. टेबल लांब व्हतं, पोचला न्हाई.’ तिने मान माझ्याकडे वळवली. ‘तिची आई आली न्हवती का, आत्या?’

‘आली होती,’ मी म्हटलं.

‘मंग?’

सलाईन बघितली, चालू होती. तरी पुन्हा बघितली. मग बाहेर गेले.

ती बाई मला बघून लगबगीने उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला. मी सांगितलं, लेक मोकळी झाली, मुलगा आहे, दोघं चांगले आहेत. ती माझे पाय धरायला वाकायच्या आत मी तिचे हात धरले. तिचे डोळे भरून आले होते, पण तिला आधी दुसरंच बोलायचं होतं.

‘लई वरडली न्हवं ती? मी हितं आयकून राहिले व्हते. राग धरू नका बाई. अडाणी हाय, पहिलीच खेप. मी सांगते तिला. पुढल्या खेपेला गप ऱ्हाईल.’

मी म्हटलं, ‘मावशी, तिची चूक नाही. चूक माझी आहे. तुम्हाला मी आत सोडायला पाहिजे होतं.’

तिला ते काही पटलं नाही. मी मोठेपणाने बोलते आहे असंच तिला वाटलं.

‘असं काऊन म्हणता बाई,’ ती म्हणाली, ‘तुमी तर मला पाणी दिलं.’